दोरा नसलेला मासा

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोन करणार होते, पण फोनवर तू नुसतं "हॅलो" म्हणून गर्जतोस आणि बाकीचं बोलणं मामीच्या हातात देतोस. शिवाय मला विचारायचंय ते तुझ्या धंद्यातलं आहे, आणि धंद्यातलं फोनवर बोलायचं नाही हा तुझाच नियम. म्हणून पत्र.

तू आईला नेहमी विचारतोस ना, की भिंगरी त्या तळघरात बसून नक्की करते काय? तर आम्ही आवाजावर वस्तू तरंगवतो. हसू नकोस. एक पाटी वर, एक खाली, मधे वीतभर मोकळी जागा. दोन्ही पाट्यांवर नाण्यापेक्षा लहान स्पीकर दाटीवाटीने बसवलेत. गाडी मागे घेताना भिंत जवळ आली की जी गाडी कोकलते, तिच्यात असतात तसले. त्यांचा आवाज इतका बारीक की माणसाला ऐकूच येत नाही. जिन्यातली मांजर मात्र आमच्या दारापर्यंत येते आणि कान पाडून परत फिरते. वरचा आणि खालचा आवाज जिथे एकमेकांना भिडतात तिथे थर्माकोलचा एक दाणा ठेवला की तो हवेतच बसून राहतो. कॉम्प्युटर ती जागा सरकवतो आणि दाणा तिच्याबरोबर जातो. हे इतक्या भरभर करायचं की डोळ्याला दाणा न दिसता त्याने मारलेली रेघ दिसते. बाजूने रंगीत दिवा सोडला की हवेत चित्र तयार. आमचा एक मासा आहे, अंगठ्याएवढा, निळा. शेपटीही हलवतो.

गेल्या आठवड्यात तुमच्याच शहरातल्या विज्ञान संग्रहालयाच्या प्रमुख बाई मासा बघायला आल्या होत्या. वाऱ्याने, श्वासानेसुद्धा दाणा पडतो, म्हणून आम्ही सगळं काचेच्या पेटीत ठेवतो आणि लोकांना लांब उभं करतो. बाईंनी पेटीभोवती दोन चकरा मारल्या, छान हसल्या आणि म्हणाल्या, "फार सुंदर. दोरा कुठे आहे ते मी विचारत नाही."

मामा, दोरा नाहीये. मी तसं सांगितलंही. पण जितकं सांगत गेले तितक्या त्या जास्त समजुतीने मान हलवायला लागल्या.

एप्रिलमध्ये त्यांची समिती येणार आहे. संग्रहालयाच्या नव्या दालनात मधोमध ठेवायला त्यांना एकच वस्तू निवडायची आहे. आमचा मासा निवडला तर हे काम पुढे चालेल. नाही निवडला तर यंत्राचे स्पीकर सुटे करून दुसऱ्या कामाला देतील आणि मला वरच्या मजल्यावर पंख्यांची घरघर मोजायला बसवतील.

तेव्हा सांग, दोरा नाही हे लोकांना कसं पटवायचं?

तुझी,
भिंगरी

-----

११ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसलो आणि मग मला मनापासून वाईट वाटलं. तुझ्या मामाने उभा जन्म दोरा वापरला आणि भरलेल्या थिएटराला पटवलं की दोरा नाही. तुझ्याकडे खरोखरच दोरा नाही आणि तुला ते एका बाईला पटवता येत नाही. एवढं शिकून केलंस काय?

काळजी करू नकोस. मी तुला वाटेला लावतो. फक्त सध्या जरा गडबडीत आहे, कार्यक्रमांवर कार्यक्रम चालू आहेत, सवड मिळाली की सविस्तर लिहितो.

तोवर एका गोष्टीचा खुलासा कर. त्या तुझ्या पाट्या थोड्या मोठ्या करून घेतल्या तर मधे तुझी मामी मावेल का? हल्ली तिची पाठ कुरकुरते आणि ती तरंगायला साफ नाही म्हणते. आवाजावर तरंगायचं असेल तर तिची तक्रार राहणार नाही असं मला वाटतं. आवाज मऊच असेल ना? किती किलोपर्यंत चालतं तेवढं कळव. जाहिरातीचा मजकूर मी तयार ठेवलाय.

तुझा,
मामा

ता. क. मी मामी. हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून चार ओळी. गडबड चालू आहे म्हणतात, ती मला कुठे दिसली नाही. कबुतरं मात्र बसून खाऊन इतकी फुगलीत की टोपीत शिरत नाहीत. आणि मी आवाजावर, ढगावर, कशावरही तरंगणार नाही, हे तुझ्या यंत्राला सांगून ठेव.

-----

१८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

किलोचं विसर. आमच्या यंत्राला तांदळाचा दाणासुद्धा जड होतो. लाटेच्या खोबणीत मावेल एवढंच उचलता येतं, आणि आमच्या लाटा मुगाच्या दाण्याएवढ्या. मामी मावेल एवढी लाट करायची तर तो आवाज मग ऐकू येईल, आणि पहिल्यांदा घराच्या काचा फुटतील. मामीला सांग, यंत्राने तिला सपशेल माफी दिली आहे.

आता तू विषय काढलाच आहेस तर मीही काढते. मामी कशी तरंगायची? मी आठ वर्षांची असताना पुढच्या रांगेत बसून हे पाहिलं आणि रात्रभर तुला छळलं, तेव्हा तू म्हणालास, "मोठी झालीस की सांगेन." मामा, मी मोठी झाले आहे. चष्मा लागला, केस पांढरे व्हायला लागले. याहून मोठी होईन असं वाटत नाही.

बाकी इकडे धांदल आहे. मी पाहुण्यांपुढे म्हणायचं भाषण लिहिलं. पहिलंच वाक्य आहे, "यात कोणताही दोरा नाही." आमच्या शिपायाला म्हणून दाखवलं तर तो वाकून पेटीखाली बघायला लागला. तुझी सवड कधी व्हायची आहे?

भिंगरी

-----

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

पहिलं म्हणजे ते भाषण फाडून टाक. मी चोर नाही असं सांगत जो दारात येतो, त्याच्यापासून लोक आधी पाकीट सांभाळतात. दोरा हा शब्द तू काढायचाच नाही. माणसाला सांगितलेलं पटत नाही, त्याने स्वतः पकडलेलं पटतं.

दुसरं, ती काच काढ. काच म्हणजे आत काहीतरी आहे असं ओरडून सांगणं. मी स्टेजवर कधी काच ठेवली नाही. वारा येत असेल तर खिडक्या लाव, पंखे बंद कर, लोकांना श्वास धरायला लाव. श्वास धरलेली माणसं फार गुणी असतात.

तिसरं आणि मुख्य म्हणजे कडं. तरंगत्या वस्तूभोवती पितळी कडं फिरवायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोरा असता तर अडकला असता, असं लोक आपणच मनाशी म्हणतात. तो अडकत कसा नाही ही आमची विद्या, पण तुला तर विद्येचीही गरज नाही. मामीभोवती मी कडं फिरवायचो तेव्हा थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू यायची. कडं पाठवत मात्र नाही. ते परक्या हातात जात नाही आणि तुझ्या हाताला ते वळणही नाही.

मामी कशी तरंगायची ते विचारू नकोस. तू अजून पुरेशी मोठी झालेली नाहीस.

मामा

ता. क. मामी लिहितेय. हे तुला सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. आपलं थिएटर गेल्या वर्षीच बंद झालं. तिथे फर्निचरचं दुकान निघालंय. मी जिथे तरंगायचे तिथे आता तीन दारांचं कपाट उभं आहे. हे रोज संध्याकाळी कोट घालून तिकडे जातात, त्या कपाटासमोर उभे राहतात आणि परत येतात. दुकानातल्या पोराला वाटतं, यांना कपाट घ्यायचंय आणि भाव जुळत नाहीये. मला बघवत नाही गं. तुला जमलं तर त्यांना बोलावून घे. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

-----

८ मार्च

प्रिय मामा,

तुझं ऐकून काच काढली. खिडक्यांच्या फटी कापडाने बुजवल्या. मासा उघड्यावर नाचायला लागला आणि आमचे साहेब, जे वर्षभरात हसलेले नाहीत, ते चक्क हसले. तू महान आहेस.

कड्याचं मात्र जमणार नाही. चिकटपट्टीचं रिकामं रीळ फिरवून पाहिलं. रिळाची कड मधे आली की आवाज अडतो, आणि आवाज अडला की दाणा टपकन खाली. तुझ्या खेळात कड्याने काही बिघडत नाही, आमच्या खेळात कडं हाच शत्रू. दोन वर्षं आम्ही हा दाणा पडू नये म्हणून झटतोय, तेव्हा कड्याचं नावसुद्धा नको.

पण मला तुझी गरज आहे. समिती पाच एप्रिलला येते. माझी बोबडी वळणार हे मला आत्तापासून माहीत आहे. लोकांना उभं कुठे करायचं, दिवा कधी मालवायचा, कधी गप्प बसायचं, हे मला येत नाही. तुझ्या कार्यक्रमांतून दोन दिवस काढता येतील का? नाही म्हणू नकोस. आणि कडं घरी ठेव.

भिंगरी

-----

१५ मार्च

चि. भिंगरी,

कार्यक्रम बरेच आहेत, पण भाचीच्या शब्दाखातर पुढे ढकलले. पार्ट्या नाराज झाल्या, होऊ देत.

चार तारखेला दुपारच्या गाडीने येतो. कडं घरी ठेवीन. तुझा मामा शब्दाचा पक्का आहे.

मामा

ता. क. कोट इस्त्रीला टाकलाय. मागच्या वर्षभरात असे शीळ घालत फिरले नव्हते. मामी.

-----

६ एप्रिल

भिंगरी,

तुझ्यासमोर उभं राहायला तोंड नाही म्हणून लिहितोय. फोन वाजतोय, मी घेत नाहीये, मामीलाही घेऊ देत नाही.

कडं मी घरी ठेवलंच होतं. पण निघताना कोट घातला, आणि त्या कोटाच्या खिशात कडं नसलं की तो एका बाजूने वर चढतो. म्हणून घेतलं. निव्वळ वजनाला.

तू दिवा मालवलास, सगळ्यांनी श्वास धरले आणि तो मासा उठला. मी तालमीत तो दोनदा पाहिला होता, पण तेव्हा मी लोकांच्या खुर्च्या कुठे ठेवायच्या याच नादात होतो. काल पहिल्यांदा नीट पाहिला. आणि भिंगरी, मी दोरा शोधला. दोरा कुठे कुठे असू शकतो हे ज्याला ठाऊक आहे त्या माणसाने शोधला, आणि तो नव्हता. माझे डोळे भरून आले. जन्मभर मी ज्याचं सोंग आणलं ते माझ्या पोरीने खरं करून दाखवलं, असं मनात आलं.

तेवढ्यात त्या बाई शेजारच्या गृहस्थांना हळूच म्हणाल्या, "दोरा असणारच हो." हे वाक्य कानावर पडलं की माझा उजवा हात माझा राहत नाही. इतकी वर्षं त्याला तेच शिकवलंय. मला कळायच्या आत कडं बाहेर आलं, झळकलं, आणि माशाकडे निघालं.

मग मासा नव्हता. दाणा टेबलावर पडला, घरंगळत खाली आला आणि माझ्या बुटापाशी थांबला. त्या शांततेत मी काय केलं असेल? सवयीने वाकून नमस्कार केला. मग मागच्या दाराने निघालो. मागचं दार म्हणून जे उघडलं ते कपाट निघालं. सध्या कपाटं माझ्या पाठी लागली आहेत. शेवटी समितीच्या पुढूनच बाहेर पडलो आणि मिळाली ती गाडी पकडली.

तुझं दोन वर्षांचं काम मी एका फेऱ्यात धुळीला मिळवलं. आणि आता खरं सांगतो, माझे कसलेच कार्यक्रम नव्हते. थिएटर कधीच बंद झालंय. तुझ्या कामात मला जरा मिरवायचं होतं. जमलं तर क्षमा कर.

मामा

-----

९ एप्रिल

प्रिय मामा,

फोन उचलला असतास तर तीन दिवस उपाशी बसला नसतास. हो, मामीने कळवलंय. आधी जेव, मग पुढचं वाच.

तू निघून गेलास तेव्हा मला रडू फुटायच्या बेतात होतं. साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. मी खाली वाकून दाणा शोधत होते, म्हणजे मान वर करावी लागणार नाही. आणि वरून बाईंचा आवाज आला, "परत करा बघू ते."

मला वाटलं, मासा परत करा म्हणतात. त्या म्हणाल्या, "मासा नाही, ते कडं."

कडं तू घेऊन पळाला होतास. मी चिकटपट्टीचं रीळ आणलं. नवा दाणा ठेवला, मासा उठला, रीळ मधे नेलं, दाणा खाली. बाई दोन पावलं पुढे आल्या. म्हणाल्या, "लहानपणी मी हा खेळ पुढच्या रांगेतून पाहिलाय. जादूगार कडं फिरवतो आणि वस्तू हलतसुद्धा नाही. इथे पडली. जादूवाल्याची वस्तू कधी पडत नाही. म्हणजे तुमच्या कड्याने काहीतरी खरंच अडवलं. काय अडवलं?"

मी म्हटलं, "आवाज."

मग त्यांनी आपल्या फायलीचा पुठ्ठा उचलला, वरच्या पाटीखाली स्वतःच्या हाताने सरकवला आणि दाणा पाडला. पुठ्ठा काढला, मी नवा दाणा ठेवला, पुन्हा पाडला. मग शेजारच्या गृहस्थांना पाडायचा होता. मग सगळ्यांनाच. रांग लागली, मामा. मोठमोठी माणसं "आता मी, आता मी" करत होती. दाण्यांची डबी अर्धी झाली आणि एकानेही दोऱ्याचं नाव काढलं नाही. तूच लिहिलं होतंस ना, माणसाने स्वतः पकडलेलं त्याला पटतं. पडू नये म्हणून झटताना हाच मासा पाडून दाखवावा हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ते तुझ्या उजव्या हाताच्या डोक्यात आलं.

आम्हाला निवडलंय. मासा मधल्या जागी बसणार. मी पंखे मोजणार नाही. हे लिहिताना मी खुर्चीत बसून उड्या मारतेय.

आता पुढचं. बाईंनी विचारलं, "ते कडंवाले गृहस्थ कोण?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तेच! आणि त्या तरंगणाऱ्या बाई कशा आहेत?" त्यांना दालनात यंत्रापाशी उभं राहणारं माणूस हवंय. लोकांना खेळवेल, त्यांच्या हातून मासा पाडवेल आणि तो परत उभा करेल असं. तुझ्या घरापासून संग्रहालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे. अट एकच आहे, आणि ती तुला जड जाईल. हे कसं होतं, ते दर वेळी सगळं खरं सांगायचं.

विचार करून कळव. आणि तुझे कार्यक्रम नव्हते हे मला माहीत होतं. तुझी गरज होती हे मात्र खरंच होतं.

भिंगरी

-----

३ जुलै

चि. भिंगरी,

दालन सुरू होऊन महिना होत आला. लिहायला उशीर झाला, कारण या वेळी खरोखरच गडबड होती.

पहिल्या दिवशी माझी गाडी पहिल्याच वाक्याला अडली. "आता हे कसं होतं ते मी तुम्हाला सांगतो," एवढंच म्हणायचं होतं. हे वाक्य मी जन्मात उच्चारलेलं नाही. आमच्या धंद्यात याला पाप म्हणतात. दोनदा खोकलो, पाणी प्यायलो आणि डोळे मिटून बोलून टाकलं. वीज पडली नाही. उलट लोक आणखी जवळ आले. मला वाटायचं, कळलं की मजा जाते. इथे कळल्यावर ती माणसं दुसऱ्यांना ओढून आणतात आणि माझ्याआधी तीच सांगायला लागतात. परवा तर एका आजोबांनी सगळं सांगून टाकलं, मी नुसता कडं धरून उभा.

काही जण अजूनही वाकून दोरा बघतात. त्यांच्यावर माझा विशेष लोभ आहे.

इतकं खरं बोलून बोलून आता जीभ सरावली आहे. म्हणून लिहितोय. तू आठ वर्षांची होतीस तेव्हा विचारलं होतंस. फेब्रुवारीत पुन्हा विचारलंस. आता विचार. मामी कशी तरंगायची ते मी सगळं सांगतो, अगदी काहीही हातचं न राखता.

मामा

-----

१० जुलै

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. "हो, सांग" असं लिहिलंही. मग ते खोडलं.

नको सांगूस. त्या रात्री तू सांगितलं असतंस तर मी झोपले असते आणि सकाळी विसरले असते. तू सांगितलं नाहीस म्हणून मी चमच्याला दोरे बांधले, पतंगाचा कागद फुंकून वर ठेवायला बघितला, शाळेत मास्तरांना भंडावलं आणि शेवटी या तळघरात येऊन बसले. जे कळायचं ते सगळं मी शोधून काढीन, मला त्याचा पगार मिळतो. हे एवढं एक मात्र मला कळू नये असं वाटतं. आमचा मासा दिवसातून कितीही वेळा पाड. मामीला वरच राहू दे.

तुझी,
भिंगरी

-----

१९ जुलै

चि. भिंगरी,

या वेळी ताजा कलम नाही, आख्खं पत्र माझं आहे. हे समोर बसलेत, मी काय लिहिते ते वाचायचा प्रयत्न चाललाय.

तुझं उत्तर आल्यापासून हे घुसमटलेत. सांगायला एकदाचे तयार झाले आणि ऐकणारं कुणी नाही. काल जेवताना म्हणाले, "मग तुला सांगतो." मी म्हटलं, "मला? मी वर होते ना!" त्यावर आम्ही दोघं इतके हसलो की शेजारी दार वाजवून गेले.

पण तुला म्हणून सांगते, मलाही पुरतं माहीत नाही. हे म्हणायचे, डोळे मिट. मी मिटायचे. खालचं काहीतरी निघून जायचं, पाठीला एका जागी टोचायचं आणि मग टाळ्या ऐकू यायच्या. काय टोचतं ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी स्टेजवर आडवं व्हायची भीती वाटली असती. हे खाली उभे आहेत, पडू देणार नाहीत, एवढं मला पुरत होतं. त्यांनी एकदाही पडू दिलं नाही.

रविवारी मी संग्रहालयात जाऊन आले. ह्यांनी सगळ्यांदेखत कडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "पाडा बाईसाहेब." मी नाही पाडलं. जरा वाकून त्या निळ्या माशाकडे बघत राहिले. गर्दीतले लोक दोरा शोधत होते, मी त्याची पाठ बघत होते. त्याला कुठे काही टोचत नसणार, हे मला लगेच पटलं.

तुझी,
मामी